किमान वेगाचा प्रश्न

नसरापूर सोडून वेल्ह्याच्या वाटेला लागले की राजगड आणि तोरणा या दोन दुर्गांच्या सान्निध्यात विंझर हे गाव लागते. ज्या तालुक्यात ते मोडते त्याला सरकारने आता राजगडाचे नाव दिले असले तरी लोकांच्या तोंडी तो अद्याप वेल्हेच आहे. 2011 च्या जनगणनेत त्याची वस्ती 54 हजारांच्या घरात भरली होती, आणि 94 लाखांहून अधिक वस्तीच्या पुणे जिल्ह्यात एवढ्या थोड्या लोकांचा दुसरा तालुका नाही. याच जिल्ह्यात, डोंगराच्या काही रांगांपलीकडे, हिंजवडीचे संगणकनगर उभे आहे, आणि ज्या पुण्यात 1991 साली ‘परम’ हा महासंगणक घडला ते पुणेही येथून सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्याइतके जवळ आहे. असे असूनही दिवेलागण झाली की आमच्या गावात इंटरनेटचा वेग असा मंदावतो, की ज्या कामासाठी महिन्याचे पैसे आगाऊ भरलेले असतात ते काम पहाटेपर्यंत बाजूला ठेवावे लागते. हा वेग वाढावा म्हणून घरोघरचे लोक कंपनीकडे तक्रारी करतात, अर्ज करतात, अधिक पैशांचे प्लॅन घेतात. आणि वेग तेवढाच राहतो. ही व्यथा विंझरची असली तरी भोर-वेल्ह्याच्या कोणत्याही गावात ती याच शब्दांत ऐकू येईल. तिचे मूळ ग्राहकाच्या घरात नाही, आणि म्हणून एकेकट्या ग्राहकाने घरबसल्या झगडून ती दूर होणारही नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे, आणि ते सविस्तर मांडण्यासाठीच हा लेख आहे.

खेड्यातल्या माणसाला एवढा वेग हवा कशाला, असा प्रश्न शहरातील सुखवस्तू मनुष्य आजही विचारतो, आणि त्याच्या मनात चित्रपट व क्रिकेटचे सामने यांखेरीज दुसरे काही नसते. विंझरच्या माणसाने आपल्या घरी बसून चित्रपट पाहिला तर त्यात कोणाचे काही बिघडत नाही, हे आधी स्पष्ट सांगितले पाहिजे. परंतु प्रश्न तेवढ्यापुरता राहिलेला नाही. ज्या सरकारी दप्तरासाठी पूर्वी तलाठ्याच्या चावडीवर आणि तहसील कचेरीत हेलपाटे घालावे लागत, ते दप्तर सरकारने स्वतःच्या निर्णयाने इंटरनेटवर नेले आहे. सातबाराचा उतारा तेथून घ्यावयाचा. 15 ऑगस्ट 2021 पासून आपल्या शेतातील पिकाची नोंद ई-पीक पाहणीच्या ॲपमधून, उभ्या पिकाचे छायाचित्र काढून, शेतकऱ्याने स्वतः पाठवावयाची. रेशन दुकानात अंगठा यंत्रावर ठेवावयाचा. किसान सन्मानाचा हप्ता असो की लाडक्या बहिणीचा, त्यासाठी ई-केवायसी करावयाची. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरावयाचा. आणि 2025 पासून अकरावीचा प्रवेशही साऱ्या राज्यात ऑनलाइनच व्हावयाचा. यांतील बहुतेक कामांत माहिती घरातून बाहेर जावी लागते, बाहेरून घरात येणारी थोडी असते. आणि जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा हा बव्हंशी आत येणाऱ्या प्रवाहाचा असतो, बाहेर जाणाऱ्या प्रवाहाचा विचारही कोणी करीत नाही. रयतेने आपले म्हणणे ज्या मार्गाने मांडावे असा हुकूम सरकारनेच काढला, तो मार्ग वाहता आहे की नाही हे पाहण्याची जबाबदारीही त्याच क्षणी सरकारवर येऊन पडली.

केरळच्या उच्च न्यायालयाने 2019 साली फहीमा शिरीन विरुद्ध केरळ राज्य या प्रकरणात, वसतिगृहात मोबाइल वापरण्यावरील निर्बंधांचा विचार करताना, इंटरनेट मिळण्याचा अधिकार हा शिक्षणाच्या व खाजगीपणाच्या अधिकाराचा भाग आहे असा निर्वाळा दिला. पुढल्याच वर्षी टाळेबंदी आली, शाळा-महाविद्यालयांची दारे बंद झाली, आणि सह्याद्रीच्या दोन्ही अंगांच्या खेड्यांतील मुलेमुली रेंजच्या शोधात टेकाडावर, झाडाखाली, पावसात छत्री धरून बसलेली महाराष्ट्राने पाहिली. त्या दृश्यांनी हळहळ पुष्कळ निर्माण केली. पण त्या टेकाडांच्या पायथ्याशी असलेल्या घरांत आज किती वेग पोहोचतो, याची चौकशी पुढे कोणी नेटाने केली, असे मात्र दिसले नाही.

आता प्रत्यक्ष वस्तुस्थिती पाहू. आमच्या घरी फायबरची जोडणी आहे. ज्या कंपनीची आहे तिचे नाव येथे घेण्याचे कारण नाही, कारण दोष एकट्या तिचा नाही, आणि तिच्या जागी दुसरी असती तरी कथा फारशी बदलली नसती. वेग मिळत नाही म्हणून तक्रार केली की फोनवरून पहिला सल्ला येतो तो राउटर बंद करून पुन्हा चालू करण्याचा. दुसरा, राउटरची जागा बदलण्याचा. आणि तिसरा, याहून मोठा प्लॅन घेण्याचा. यांपैकी पहिले दोन सल्ले निरर्थक नाहीत, हे न्यायाने मान्य केले पाहिजे. आमच्याकडील जुन्या घरांच्या भिंती दगडमातीच्या, हातभर जाडीच्या. त्यांतून 5 गिगाहर्ट्‌झची लहर क्वचितच पलीकडे जाते, आणि 2.4 गिगाहर्ट्‌झची लहर गेली तरी वाटेत क्षीण होते. परंतु राउटरला संगणक थेट वायरने जोडून पाहिले तरी रात्रीचा आकडा तोच येतो, तेव्हा भिंतीचा दोष संपतो. मोठा प्लॅन घेऊनही रात्रीचा वेग पूर्वीइतकाच राहिला, तेव्हा प्लॅनचाही दोष संपला.

अखेर कंपनीचा माणूस आला. वयाने तरुण, पाठीवर पिशवी, पायांत चिखलाने भरलेले बूट. त्याने राउटरच्या पाठीमागची बारीक पिवळी वायर काढली, तिचे टोक पुसून हातातल्या छोट्या मीटरला लावले, आणि पडद्यावरचा आकडा मला दाखवीत म्हणाला, “काका, लाइट एकदम चांगला येतोय, उणे 19. तुमच्या घरात काही प्रॉब्लेम नाही. वर लोड आहे.” फायबरमधून घरापर्यंत पोहोचणाऱ्या प्रकाशाचे बळ ज्या मापाने मोजतात त्या मापात उणे 27 च्या आसपास गेले की जोडणी डळमळू लागते, आणि उणे 19 म्हणजे ती निरोगी असल्याची खूण, हे त्याने मोजक्या शब्दांत समजावून सांगितले. कॉल सेंटरवरच्या सभ्य, पाठ केलेल्या उत्तरांपेक्षा त्या मुलाच्या ‘वर लोड आहे’ या तीन शब्दांत अधिक सत्य होते, आणि ते सत्य लेखी देण्याचा अधिकार मात्र त्याला नव्हता.

हे ‘वर’ म्हणजे कोठे, ते समजून घेतले पाहिजे. गावातील खांबावरच्या किंवा एखाद्या खोलीतल्या पेटीतून निघालेला फायबरचा एक धागा स्प्लिटर नावाच्या साध्या साधनाने 32 किंवा 64 घरांत विभागलेला असतो. या पद्धतीत त्या एका धाग्यावरून सेकंदाला सुमारे अडीच गिगाबिट माहिती घरांकडे उतरू शकते आणि सव्वा गिगाबिट वर जाऊ शकते. म्हणजे 64 घरे एकाच क्षणी पूर्ण ताकदीने बसली तरी प्रत्येकाच्या वाट्याला 35 ते 40 मेगाबिट यावेत. गावाच्या आत टंचाई नाही. टंचाई असते ती त्या पेटीपासून नसरापुराकडे, हमरस्त्याकडे आणि पुण्याकडे जाणाऱ्या दुव्यात, कारण तो दुवा स्थानिक व्यावसायिकाने कोणा मोठ्या कंपनीकडून भाड्याने घेतलेला असतो, त्याची रुंदी जितकी अधिक तितके भाडे अधिक, आणि ग्राहक वाढले तरी भाडे वाढवण्याची घाई कोणाला नसते. पाटबंधाऱ्याच्या पाटावर शेती करणाऱ्याला हे निराळे सांगावयास नको. पाटाच्या मुखाशी पाणी कमी सोडले असेल, तर शेपटीकडच्या शेतकऱ्याने आपल्या शेतातली चारी कितीही रुंद खणली तरी तिच्यात जास्तीचे पाणी येत नाही. आणि मुखाशी किती पाणी सोडले याचा आकडा पाटकऱ्याच्या वहीत असतो, शेतकऱ्याच्या हाती नसतो. मोठा प्लॅन विकणे म्हणजे ती चारी रुंद करण्याचे पैसे घेणे आहे. याचा पडताळा कोणीही घरी पाहू शकतो: पहाटे पाच वाजता वेग मोजावा, आणि रात्री नऊ वाजता त्याच यंत्राने, त्याच वायरीवर पुन्हा मोजावा. पहाटे कराराइतका वेग मिळत असेल आणि रात्री त्याचा लहानसा अंश उरत असेल, तर घरातले सारे निर्दोष आहे आणि सामायिक दुवा तोकडा आहे, एवढे सिद्ध झाले.

कायद्याने या बाबतीत अगदीच डोळे मिटले होते असे नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, 2006 साली ब्रॉडबँड सेवेच्या गुणवत्तेचे जे विनियम केले, त्यांत कंपनीच्या केंद्रापासून ग्राहकापर्यंत, घेतलेल्या वेगाच्या 80 टक्क्यांहून अधिक वेग मिळाला पाहिजे असा दंडक होता. गर्दीच्या वेळी सामायिक दुव्याचा वापर 80 टक्क्यांच्या आत राहावा, आणि तो 90 टक्क्यांपलीकडे गेला तर जाळे तुंबले असे समजावे, हेही त्यात लिहिलेले होते. बिघाड तीन कामकाजाच्या दिवसांत दुरुस्त न झाल्यास सात दिवसांच्या, सात दिवस उलटल्यास पंधरा दिवसांच्या आणि पंधरा दिवस उलटल्यास महिनाभराच्या आकाराची सूट द्यावी, अशीही तजवीज होती. 2024 च्या ऑक्टोबरपासून नवे विनियम अमलात आले आणि जुन्यांची जागा त्यांनी घेतली. अर्थात दंडक होते आणि आहेत. परंतु त्यांचा हिशेब दिला जातो तो परवान्याच्या संपूर्ण सेवाक्षेत्राचा. आणि आमचे सेवाक्षेत्र म्हणजे मुंबई वगळून सारा महाराष्ट्र, शिवाय गोवा. पुणे, नाशिक, नागपूर, पणजी यांच्या लक्षावधी जोडण्यांच्या सरासरीत विंझरच्या जोडण्यांची रात्र दिसणार कशी? सरासरी उत्तम येते, कागद निर्दोष ठरतो, आणि पेटीवरचा लोड जागच्या जागी राहतो. ज्या मोजमापात गाव नाही ते मोजमाप गावाच्या कामाचे नाही, असे मला निश्चयाने वाटते. आणि ट्रायने निदान तालुकावार, गर्दीच्या तासांचे आकडे प्रसिद्ध करण्याची सक्ती कंपन्यांवर केली पाहिजे, ही या लेखातील पहिली मागणी आहे.

दुसरी मागणी करारासंबंधी आहे. आज ग्राहकाला जो आकडा सांगितला जातो तो कमाल वेगाचा असतो. त्याहून कमी किती मिळाले म्हणजे कराराचा भंग झाला, हे ग्राहकाच्या हातातल्या कागदावर ठळकपणे सांगितलेले नसते, आणि त्यामुळे दाद मागावयाची ती कशाच्या आधारावर, असा पेच पडतो. युरोपीय संघाने 2015 च्या आपल्या नियमात, घरगुती जोडणीच्या करारात किमान वेग, सामान्यतः मिळणारा वेग, कमाल वेग आणि जाहिरातीतला वेग असे चारही आकडे लिहिण्याचे बंधन घातले. ब्रिटनमध्ये ऑफकॉम या दूरसंचार नियामकाच्या आचारसंहितेत 2019 च्या मार्चपासून अशी तरतूद आहे, की ती मान्य केलेल्या कंपनीने जोडणी विकतानाच किमान हमीचा वेग सांगावा, आणि वेग त्याखाली गेल्यावर तीस दिवसांत दोष दूर न केल्यास ग्राहकाला दंड न भरता करार सोडण्याची मोकळीक द्यावी. फिनलंडने तर 2010 च्या जुलैपासून एक मेगाबिटची जोडणी हा प्रत्येक नागरिकाचा कायदेशीर हक्क ठरविला. आकडा लहान होता, पण तो किमान होता, हे महत्त्वाचे. आपल्याकडे ब्रॉडबँड कशाला म्हणावे याची सरकारी मर्यादा 2004 साली 256 किलोबिट होती, 2013 साली ती 512 किलोबिट झाली आणि 2023 साली दोन मेगाबिट; दरम्यान 2018 च्या राष्ट्रीय धोरणाने 2022 पर्यंत प्रत्येक नागरिकाला 50 मेगाबिटचे अभिवचन दिले होते. धोरणातला 50 चा आकडा आणि व्याख्येतला दोनचा आकडा यांच्या मधल्या विस्तीर्ण मोकळ्या रानात ग्राहक उभा आहे. त्याच्या करारात एक किमान आकडा, दोन्ही दिशांचा, आत येणारा आणि बाहेर जाणारा, गर्दीच्या वेळेचा म्हणून लिहिला गेला, तर त्याच्या तक्रारीला प्रथमच पाय फुटतील.

कंपन्यांची कैफियतही ऐकून घेतली पाहिजे. वस्ती विरळ, वाड्या डोंगराच्या कुशीत विखुरलेल्या, एकेका घरासाठी शेकडो मीटर केबल ओढावयाची. जून ते सप्टेंबर वेल्ह्याचा पाऊस झाडे पाडणार, पडलेले झाड खांबासकट केबल घेऊन जाणार. रस्त्याचे काम निघाले की जेसीबीच्या एका फटक्यात जमिनीतला फायबर तुटणार, आणि तुटलेली टोके पावसात ताडपत्री धरून जोडावी लागणार. हे सर्व खरे आहे, आणि गावात केबल ओढणारा स्थानिक व्यावसायिक हा बहुधा आमच्यासारखाच सामान्य माणूस असतो, त्याला वरचा दुवा वाजवी भाड्याने मिळत नाही हेही खरे आहे. म्हणूनच या प्रश्नाचे खरे उत्तर त्याच्याशी भांडण्यात नाही, तो दुवा कोठून येतो ते पाहण्यात आहे. आणि तेथे गाठ पडते ती थेट भारत सरकारच्या एका जुन्या संकल्पाशी.

25 ऑक्टोबर 2011 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना मंजूर केली. तिला पुढे भारतनेट हे नाव मिळाले. प्रत्येक ग्रामपंचायतीला निदान 100 मेगाबिटची जोडणी मिळावी, आणि तेथून पुढे खाजगी व्यावसायिकांनी रास्त दराने ती घेऊन घरोघर पोहोचवावी, असा तिचा आराखडा होता. पहिल्या टप्प्यातील एक लाख ग्रामपंचायती पुऱ्या व्हावयास 2017 चा डिसेंबर उजाडला. महाराष्ट्रात दुसऱ्या टप्प्याचे काम राज्य सरकारने महानेट या नावाने आपल्या अंगावर घेतले. या जाळ्याची पहिली रचना एकामागे एक गाव ओवीत जाणारी होती, त्यामुळे मधे एका जागी तुटले की पुढची सारी गावे अंधारात जात. हा दोष ओळखून ऑगस्ट 2023 मध्ये 1,39,579 कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रम मंजूर झाला, ज्यात तालुका व ग्रामपंचायती वर्तुळाकार जोडावयाच्या, म्हणजे एका बाजूने तुटले तरी दुसऱ्या बाजूने वाट राहावी, आणि पाच वर्षांत दीड कोटी ग्रामीण घरांना फायबरची जोडणी द्यावयाची, असे ठरले. हा पैसा ज्या निधीतून येतो तो डिजिटल भारत निधी, ज्याला 2023 च्या दूरसंचार कायद्यापूर्वी सार्वत्रिक सेवा दायित्व निधी म्हणत, तो परवानाधारक कंपन्यांच्या समायोजित महसुलावरील पाच टक्के आकारणीतून जमतो; म्हणजे अखेर तुमच्या-आमच्या बिलांतून जमतो. विंझरच्या माणसाने आपल्या ग्रामपंचायत कार्यालयातली भारतनेटची पेटी चालू आहे का, तिच्यातून गावातल्या व्यावसायिकाला बँडविड्थ मिळू शकते का, आणि आपला तालुका वर्तुळात केव्हा जोडला जाणार, असे विचारले तर तो आपल्याच पैशाचा हिशेब विचारीत आहे.

येथे विजेचाही विचार करावा लागतो, कारण फायबरला वीज लागत नसली तरी त्याच्या दोन्ही टोकांच्या यंत्रांना लागते. पावसाळ्यात गावाची वीज गेली की पेटीतली बॅटरी काही वेळ तग धरते आणि मग साऱ्या गावाचे इंटरनेट जाते, घरी इन्व्हर्टर असो वा नसो. आपल्या देशाने हा प्रश्न एकदा फार चांगला सोडविलेला आहे. 1984 साली स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेने खेड्यांसाठी 128 लाइनींचे जे टेलिफोन एक्स्चेंज तयार केले, ते वातानुकूलनावाचून, धुळीत, उन्हाळ्यात चालावे अशाच हेतूने घडविले होते, आणि 1986 मध्ये बेळगाव जिल्ह्यातील कित्तूर येथे ते पहिल्याने बसले. खेड्याची परिस्थिती हा अपवाद न मानता तीच प्रमाण मानून यंत्र घडवावयाचे, ही त्या अभियंत्यांची दृष्टी होती. तीच दृष्टी आजच्या पेट्यांना सौर पाट्या आणि पुरेशा बॅटऱ्या देताना का आठवू नये?

फायबर ग्रामपंचायतीपर्यंत आला तरी वाड्यावस्त्यांचे काय, असा रास्त प्रश्न उरतो. त्याचे एक उत्तर महाराष्ट्रातच शोधले गेले आहे. मुंबईच्या आयआयटीतील त्या वेळचे प्राध्यापक अभय करंदीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पालघर जिल्ह्यातील गावांत ‘ग्राममार्ग’ या प्रयोगाने, दूरचित्रवाणीसाठी राखलेल्या पण न वापरलेल्या लहरींच्या साहाय्याने, फायबर जेथे थांबतो तेथून पुढल्या पाड्यांपर्यंत बिनतारी जोडणी नेऊन दाखविली, आणि 2017 साली मोझिलाच्या जागतिक स्पर्धेत त्या प्रयोगाला पहिला पुरस्कार मिळाला. या लहरी झाडीतून आणि चढउतारांतून इतर लहरींपेक्षा बऱ्या जातात. पालघरचे पाडे आणि वेल्ह्याच्या धनगरवस्त्या यांची भूमी सारखीच बिकट आहे. प्रयोग यशस्वी होतो, पारितोषिक मिळते, आणि त्यानंतर तो शासनाच्या नित्याच्या कारभारात मुरत नाही, ही आपली फार जुनी उणीव आहे.

आणि सहकाराचे काय? वारणेच्या खोऱ्यात 1998 साली कोल्हापूर-सांगलीकडील 70 गावे संगणकाने जोडण्याचा उपक्रम सहकारी साखर कारखान्याच्या आधाराने उभा राहिला होता. श्रीरामपूर-राहुरीच्या परिसरात मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेने काही दशके सभासदांना वीज वाटली. 2011 साली थकबाकीच्या ओझ्यातून तिचा कारभार संपला, हेही लपविण्याचे कारण नाही, कारण सहकाराने जाळे चालवावयाचे तर वसुली आणि देखभाल यांचा बंदोबस्त आधी झाला पाहिजे, हा धडा तिने दिला आहे. इंग्लंडच्या लँकशायरमधील शेतकऱ्यांनी 2011 पासून आपापल्या शेतांतून मोफत चर खणू देऊन, गावकऱ्यांच्या भागभांडवलावर, घरोघर एक गिगाबिटचा फायबर नेला. आपल्याकडे श्रमदानाने पाझर तलाव झाले, शाळा झाल्या. फायबरचा चरही होऊ शकेल, याविषयी मला शंका नाही. तो आधी सरकारी दुव्याला मिळाला पाहिजे, एवढीच अट आहे.

तोपर्यंत आज उपलब्ध असलेली साधने नीट वापरली पाहिजेत, आणि ती एकट्याने वापरू नयेत. कंपनीकडे तक्रार करताना तक्रार क्रमांक अवश्य घ्यावा. समाधान न झाल्यास 2012 च्या विनियमांप्रमाणे तीस दिवसांच्या मुदतीत कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे अपील करता येते आणि त्याने 39 दिवसांत निकाल द्यावयाचा असतो. ट्राय व्यक्तिगत तक्रारींचा निवाडा करीत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते आणि तेथे अर्ज पाठवून ते वाट पाहत राहतात. दूरसंचाराच्या तक्रारी ग्राहक न्यायालयात चालतच नाहीत, असा एक समज 2009 च्या एका निकालामुळे पसरला होता. तो सर्वोच्च न्यायालयाने 2022 च्या फेब्रुवारीत व्होडाफोन आयडिया विरुद्ध अजयकुमार अग्रवाल या प्रकरणात दूर केला, आणि ग्राहकाला जिल्हा आयोगाचे दार मोकळे झाले. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क नाही, आणि सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे, एकाच हिताचे अनेक ग्राहक असतील तर आयोगाच्या परवानगीने त्यांच्यातील एक किंवा काही जण सर्वांच्या वतीने तक्रार करू शकतात. विंझरचे पन्नास ग्राहक आपापल्या घरी, पहाटेचे आणि रात्रीचे वेग मोजून, तारीख-वेळेसह लिहून ठेवतील, आणि ती पन्नास टिपणे एका अर्जाला जोडली जातील, तर ‘राउटर बंद करून चालू करा’ हे उत्तर देणे कोणाही कंपनीला अवघड जाईल. कारण पन्नास राउटर रोज रात्री नऊ वाजता एकदम बिघडत नाहीत.

हा विषय ग्रामसभेत यावा, अशी माझी गावकऱ्यांना कळकळीची विनंती आहे. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत रस्ता, पाणी, घरकुल यांच्या जोडीला एक ठराव याचाही व्हावा: ग्रामपंचायतीतील भारतनेटच्या जोडणीची आजची स्थिती ग्रामसेवकांनी लेखी सांगावी, गावात केबल टाकणाऱ्या प्रत्येक व्यावसायिकाला, खांब व जमीन वापरण्याचा दाखला देताना, गर्दीच्या वेळेचा किमान वेग कळविण्यास सांगावे, आणि तालुक्यातील रस्त्यांच्या कामाच्या वेळी फायबरचा मार्ग आधी आखून देण्याविषयी सार्वजनिक बांधकाम विभागाला पत्र जावे. महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलामुलींनी वेगाची टिपणे गोळा करण्याचे काम अंगावर घेतल्यास ते आठवडाभरात उरकेल, कारण त्यांच्याइतके या कामातले मर्म गावात दुसऱ्या कोणाला कळत नाही. ठराव झाल्यावर त्याची एक प्रत तहसीलदारांकडे, एक जिल्हा परिषदेकडे आणि एक त्या व्यावसायिकाकडे पोचपावतीसह द्यावी, आणि पुढच्या 2 ऑक्टोबरच्या सभेत प्रत्येकाचे उत्तर मोठ्याने वाचून दाखवावे.